राखीव गॅलन

"रायर, चांगल्या टाकीला आणखी एक भोक कशाला?" चिदंबर कल्हईवाल्याने वेंकटरावांना तमिळमध्ये विचारले.

मोटारीची पेट्रोलची टाकी विहिरीजवळच्या फरशीवर पडली होती. वेंकटरावांनी ती तीनदा धुतली होती, दोन दिवस उन्हात ठेवली होती आणि आता भोकाच्या दोन बोटे खालपर्यंत पाण्याने भरली होती. तरी चिदंबरने आपली शेगडी पार तुळशीपलीकडे मांडली होती. भांड्यांना कल्हई करता करता त्याचे केस पिकले होते, पण पेट्रोलच्या टाकीला डाग द्यायला आजवर कोणी त्याला बोलावले नव्हते.

वेंकटरावांनी नकाशा उलगडला. पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन असलेला हा गृहस्थ घरात खुंटी ठोकायची झाली तरी आधी स्केलवर नकाशा काढी. "आत दोन पितळी नळ्या. एक तळापर्यंत, दुसरी तळापासून चार बोटे वर. रोज वरच्या नळीतून पेट्रोल येणार. ते संपून गाडी आचके देऊ लागली, की पायाजवळची तोटी फिरवायची. मग खालच्या नळीने तळातले एक गॅलन सुरू."

स्वयंपाकघराच्या दारात नागलक्ष्मी उभी होती. "अहो, आग आणि पेट्रोल एके ठिकाणी कशाला आणता? मज भय वाटतं."

"अस्कं पाणीच आहे त्यांत, पेट्रोलचा थेंब नाही. तू आंत जा."

"मी इथेंच राहते. होईल तें दोघांला होऊं दे."

काही झाले नाही. तापवलेल्या तांब्याच्या खड्याने चिदंबरने हलक्या हाताने डाग दिला, फुंकर मारली आणि कॉफी मागितली. हे साल अठ्ठावन्न. तंजावुरात मोटारी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या, आणि दोन नळ्यांची टाकी असलेली तर बहुधा ही एकच.

या टाकीमागचे खरे कारण वेंकटरावांनी कोणालाच सांगितले नव्हते. त्याच वर्षी जानेवारीत नागलक्ष्मीला तिरुवैयारुच्या आराधनेत, वर्षातल्या त्या मोठ्या संगीत-उत्सवात, गायला दहा मिनिटे मिळाली होती. पाच वर्षे नाव देत होती, तेव्हा कुठे मिळाली. त्या पहाटे आनंदाच्या भरात तिने अख्ख्या दारापुढे रांगोळी घालायला घेतली. गाडी दारातच उभी. त्या रांगोळीवरून चाक न्यायचे वेंकटरावांच्या जिवावर आले, म्हणून त्यांनी ती ढकलून गटाराच्या उतारावर लावली, मागची बाजू खाली करून. गाडीचा काटा कधीच मेला होता. पेट्रोल मोजायचे ते खाचा पाडलेल्या बांबूच्या काठीने. उतारामुळे सगळे पेट्रोल मागे, टाकीच्या तोंडाखाली जमले होते. काठीने दोन गॅलन दाखवले. होते जेमतेम पाव गॅलन.

वेट्टार नदीचा पूल ओलांडून पुढची कुडमुरुट्टी नदी यायच्या आत गाडी थांबली. पुढे बैलगाडी मिळाली, पण मंडपात पोचेपर्यंत तिचे नाव दोनदा पुकारून झाले होते. नागलक्ष्मी शेवटपर्यंत बसून इतरांचे गाणे ऐकत राहिली. "परवायिल्लै," काही हरकत नाही, एवढेच तमिळमध्ये म्हणाली.

गाडी थांबली त्याच क्षणी चूक वेंकटरावांच्या ध्यानात आली होती. पण बायकोला काय सांगणार? तुझ्या रांगोळीपायी तुझे गाणे गेले, असे? त्यांनी काठीच्या खाचा झिजल्याचे सांगितले आणि तीन रविवार खपून ही टाकी केली.

"आतां रस्त्यांत अडायचं नांव नाही," तोटी बसवल्यावर ते म्हणाले. "पुढच्या वर्षी नांव दे."

"पाहूं."

दर मार्गशीर्षात ते विचारीत आणि दर वर्षी ती "पाहूं" म्हणे. गाणे घरात होते. आटुकल्लावर इडलीचे पीठ वाटताना तोडी घुमे. दारातली रांगोळी मात्र आक्रसत आक्रसत पायरीवरच्या तळहाताएवढ्या कमळावर आली. गुडघे दुखत असतील, अशी वेंकटरावांनी समजूत करून घेतली. नकाशात केसाएवढी चूक पकडणाऱ्या माणसाला घरातले एवढे दिसू नये, पण नाही दिसले खरे. आणि तोटीला तर एकदाही हात लागला नाही. दुधाने तोंड पोळलेला माणूस, टाकी निम्मी झाली की भरून आणी. कचेरीत मित्र त्यांच्या 'दोन पोटांच्या गाडी'ची चेष्टा करीत.

अशी आठ वर्षे गेली. वेंकटराव निवृत्त झाले. नागलक्ष्मीला दमा लागला. गाडी पुढच्या सोमवारी कुंभकोणमचा एक माणूस नेणार होता. त्या वर्षीच्या आराधनेला दोघे निघाली ती नुसती ऐकायला. निघण्याआधी वेंकटरावांनी सपाट जागेवर काठी घालून पाहिले, पेट्रोल कमी होते, आणि जन्मात पहिल्यांदा मुद्दाम भरले नाही. आपली तोटी एकदा तरी चालताना पाहावी, एवढी हौस राहिली होती.

वेट्टार ओलांडल्यावर गाडीने आचका दिला. नागलक्ष्मीने दार घट्ट धरले. वेंकटरावांनी वाकून तोटी फिरवली. इंजिन क्षणभर गप्प झाले, गाडी आपल्याच वेगाने घरंगळली, मग एक खोकला देऊन पुन्हा चालू लागली.

नागलक्ष्मी हसली. मग बाहेरच्या भातशेतांकडे पाहू लागली.

"त्या दिवशी गाडी उतारावर होती," ती म्हणाली. "परत आल्यावर चाकांचा माग पाहिलों मी. रांगोळी वांचवायला हलवलांत."

"तुज ठाऊक होतं?" वेंकटरावांनी विचारले.

"अस्कं ठाऊक होतं. तुम्ही मजसाठी लपवलांत, मग मी कशी बोलूं? आपल्याच हातानं आपलं गाणं पुसलों, असं वाटायचं. नांव द्यायला हात उठेना."

"बरी दिसली रांगोळी, म्हणून हलवलों. त्यांत तुझी चूक काय?" आठ वर्षे दोघांनी एकच गोष्ट एकमेकांपासून जपून ठेवली होती. मग ते म्हणाले, "एका गॅलनांत तीस मैल जाते ही. म्हण आतां."

"गाडींत? दम्याचा आवाज हा."

"दहा मिनिटं होती तुझी. म्हण."

तिने मांडीवर ताल धरला आणि तोडी सुरू केली. आवाज बारीक झाला होता, वरच्या षड्जाला श्वास पुरत नव्हता, तिथे ती थांबे आणि पुन्हा तिथूनच उचले. वेंकटरावांनी वेग कमी केला. कुडमुरुट्टी गेली, कावेरीचा पूल गेला, मंडपाकडे जाणारी गर्दी आली. त्यांनी हॉर्न वाजवला नाही, की गाडी थांबवली नाही. गर्दीतून वाट काढत ते नदीकाठच्या रस्त्याने पुढे निघाले. गाणे संपेपर्यंत चालवत राहिले.

सोमवारी सकाळी माणूस गाडी न्यायला आला. दारापुढे या टोकापासून त्या टोकापर्यंत रांगोळी होती. त्याने किल्ली लावायला हात पुढे केला.

"थांबा," वेंकटराव म्हणाले. त्यांनी त्याला एका बाजूने हात लावायला सांगितले, आणि दोघांनी गाडी ढकलत ढकलत रांगोळीच्या कडेने रस्त्यावर नेली.