मनगटातली शीर

"घट्ट बांध. खालून उजेड दिसतोय."

सुप्रियाने वडिलांच्या डोळ्यांवरची उपरण्याची गाठ आवळली. "आबा, कशाला पण हे? कुणी बघितलं तर हसतील."

"हसू दे. गरागरा फिरव मला. आन् कुठं न्हेतीस ते सांगायचं न्हाय."

मोरगावच्या आपल्याच रानात गेणबा तळहातावर आडवा नारळ घेऊन उभा होता. जमिनीखाली पाणी असलं की हा नारळ आपोआप ताठ उभा राहतो, या एका गोष्टीवर त्याने पाणाड्या म्हणून उभा जन्म काढला होता. बोअर मारायची गाडी बोलावण्याआधी लोक त्याला बोलावत.

पण नारळ हलायच्या आधी आपल्या मनगटातली शीर हलते, हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. तरुणपणी ते पहिल्यांदा जाणवलं. तेव्हापासून त्याला बघायचं होतं, पाणी कुणाला कळतं? नारळाला, की मला? की कुणालाच नाही? धाडस झालं नाही. उत्तर वाईट आलं तर मागे उरणार काय?

आज रागाने ते धाडस केलं होतं. काल लोणी भापकरला दत्तोबाच्या रानात, त्याने दाखवलेल्या जागी बोअर कोरडा गेला. नुसता फुफाटा उडाला. शिव्या खायच्या तयारीने गेणबा मान खाली घालून उभा राहिला. शिव्या पडल्या, पण त्याला नाही. दत्तोबाची सून सारजा पाळी असताना भाकरी घेऊन रानात आली, म्हणून पाणी पळालं म्हणे! "तुमचा काय दोस न्हाय," दत्तोबा म्हणाला, आणि गेणबा गप्प बसला. सुटल्यासारखं वाटलं होतं त्याला. त्या सुटण्यानेच आता त्याचं डोकं फिरलं होतं.

"चल."

ढेकळं, मग गवत, पुन्हा ढेकळं. शीर हलली. नारळ उठला.

"हितं! आपला बोअर हितं." त्याने उपरणं ओढलं. समोर त्याच्या वडिलांनी पाणी न लागल्याने अर्धवट सोडलेला खड्डा होता. त्यांचा पाण्याचा बोअर मागेच राहिला होता, बांधापलीकडे.

"परत बांध."

या खेपेला तो बोअरच्या अगदी कडेने गेला. नारळ मेल्यासारखा पडून राहिला. पुढे गोठ्यासमोरच्या कातळावर उठला.

"आबा, बास." सुप्रियाचे डोळे भरले होते.

"रडतीस कशाला? डोळं उघडं असलं की झाडं दिसत्यात, उतार दिसतो. हात आपसूक फिरतो. नारळ कसला डोंबलाचा!"

तसाच तो लोणी भापकरला गेला. दत्तोबाच्या अंगणात सारजा शेरडांजवळ पोत्यावर वेगळी बसली होती.

"तिचा काय संबंध न्हाय," गेणबा उभ्यानेच म्हणाला. "मला पाणी कळत न्हाय. डोळं बांधून बघितलं."

"आन् तुमीच जागा दावलेली आमची जुनी हीर?" दत्तोबाने विचारलं.

"लागली. कशी लागली, मला ठाव न्हाय."

सारजाचा नवरा रविराज मोबाईलमधून मान वर काढून हसला. "चळ लागला का आबा? परवापतूर तर देव झाला हुता."

"तुमी केला, मी झालो. बायकूला शेरडात बसवलीस, लाज वाटत न्हाय? आन् काल मलाबी वाटली न्हाय!"

"हळू बोला," दत्तोबा म्हणाला. "गावात कळलं तर कुत्रं इचारणार न्हाय तुमाला."

"म्हणूनच वरडतोय!"

शेजारच्या ओट्यावर माणसं जमू लागली. गेणबाने नारळ दत्तोबाच्या पायरीवर ठेवला.

"सारजा, पोरी, तहान लागलीया. पाणी दे."

ती हलली नाही. हंड्याला शिवायची तिला बंदी होती. तिने सासऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. गेणबा वाकला आणि ओंजळ धरून तसाच थांबला. मनगटातली शीर थडथडत होती.

बऱ्याच वेळाने हंड्यावरचं झाकण वाजलं.