चित्रपटात नसलेला आवाज

माझ्या धाकट्या भावाने आपल्या बालपणावर काढलेल्या विनोदी चित्रपटाची चार परीक्षणे छापून आली. चारही परीक्षकांनी एकाच गोष्टीची तोंडभरून स्तुती केली: पडद्यावर कधीच न दिसणाऱ्या वडिलांचा आवाज, जो मुलाच्या आठवणी जागच्या जागी दुरुस्त करतो. चित्रपटात असा आवाज नाही.

एकाने त्याला ‘गोड आठवणींना बसलेली सणसणीत चपराक’ म्हटले. आजवर कशालाही बरे न म्हणालेल्या एका परीक्षकाने तर वाक्येच दिली: “सायकल लाल नव्हती, हिरवी होती.” “मारलं नव्हतं, नुसता हात उगारला होता.”

“ताई, मला वेड लागलंय का?” भावाने विचारले. “यातलं एक अक्षर मी लिहिलेलं नाही.”

“लागलं असेलही. पण मग त्यांनी काय ऐकलं, हा प्रश्न उरतोच.”

मी ध्वनिशास्त्र शिकवते. संगनमताची शक्यता प्रथम बाद केली, कारण हे चौघे एकमेकांच्या नमस्कारालाही उत्तर देत नाहीत. मग चित्रपटाची तीच प्रत कानाला हेडफोन लावून अथपासून इतिपर्यंत ऐकली. आवाज नव्हता. उरले फक्त परीक्षकांसाठी खेळ झाला ते सभागृह, आणि त्यात बसलेली माणसे.

भावाला परीक्षणांचे फारसे सोयरसुतक नव्हते. त्याला एकाच प्रेक्षकाची पडली होती. आमचे बाबा निवृत्त मुद्रितशोधक. “माझी टिंगल बघायला मी येणार नाही,” असे त्यांनी जाहीर केले होते, आणि तेव्हापासून ते मुलाशी ‘मीठ दे’ यापलीकडे बोलत नव्हते. परीक्षकांच्या खेळाच्या सकाळी ते दाढ दाखवायला म्हणून गेले होते.

त्या संध्याकाळी जेवताना मी एक साधा प्रयोग केला.

“शेवटी मुलगा सायकल विहिरीत ढकलतो, तो प्रसंग छान जमलाय,” मी भावाला म्हणाले.



“तळ्यात,” बाबा म्हणाले. ताटावरून नजरही न उचलता.

“बाबा, आपली सायकल तर चोरीला गेली होती. मग हे तळं कुठून आलं? ते तर फक्त चित्रपटात आहे,” मी म्हणाले.

बाबांनी घास ताटात परत ठेवला.

“दाढ दुखत असताना आलात?” भावाने विचारले.

“दाढ ठणठणीत आहे. आणि त्या शहाण्याला कळव, ‘हात उगारला’ असं मी म्हणालो नाही. ‘उगारलासुद्धा नाही’ म्हणालो. छापायच्या आधी कुणी तपासतं की नाही?”

“पूर्ण पाहिलात?” भावाने पुन्हा विचारले.

“अर्धवट वाचून मी खुणा करत नाही. मीठ दे.”

कारण पुढीलप्रमाणे. बाबांना कमी ऐकू येते. म्हणून ते शेवटच्या रांगेत, ध्वनिवर्धकाच्या बरोबर खाली बसले. कमी ऐकू येणाऱ्याला स्वतःचे पुटपुटणेही कमी ऐकू येते; म्हणून तो नकळत आवाज चढवतो. परीक्षकांना तो आवाज ध्वनिवर्धकाच्याच दिशेने आला, आणि चौघांपैकी एकानेही मागे वळून पाहिले नाही, कारण वळून पाहणे म्हणजे आपल्याला कळले नाही अशी कबुली. बाबा कोणालाही न सांगता मुलाचा चित्रपट पाहायला गेले होते आणि शेवटपर्यंत बसले होते.