तिसरी आवृत्ती

मी एक लॅपटॉप. वय बारा वर्षं, म्हणजे आमच्या जातीत पणजोबाच. माझी पहिली चार वर्षं एका विमा कचेरीत ठोकलेल्या गाड्यांचे फोटो बघण्यात गेली. मग कचेरीने नवी यंत्रं घेतली आणि मला बल्गेरियातल्या गाब्रोवो या गावच्या जुन्या सामानाच्या दुकानात धाडलं. तिथून नायदेनने मला उचलून घरी आणलं.

नायदेन निवृत्त रेडिओ मेकॅनिक. घरात तो आणि त्याची बायको रायना, दोघंच. रायना तीस वर्षं कापडगिरणीत होती. विणून आलेल्या ठाणातला सुटलेला धागा शोधायचा, हे तिचं काम. तिची नजर अशी की साहेबसुद्धा तिच्यासमोर कोट झटकून उभे राहायचे.

तीच नजर तीन वर्षांपूर्वी जायला लागली. कडेकडेचं दिसायचं, मधलं पुसलं जायचं. समोर बसलेल्या माणसाचे कान दिसत, चेहरा दिसत नसे.

तिची धाकटी बहीण स्तेफका समुद्रकाठच्या वार्ना शहरात एकटीच राहते. मागच्या हिवाळ्यात तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. फोन संपला. तेव्हापासून ती ई-मेलने माझ्यावर पत्रं पाठवू लागली. नायदेन ती मोठ्याने वाचून दाखवायचा. रायना उत्तर सांगायची, ते हा दोन बोटांनी टाइप करायचा.

मी समोरच असायचो. त्यामुळे तो काय वाचतो आणि काय गाळतो, हे फक्त मला ठाऊक होतं.

मार्चच्या पत्रात स्तेफकाने लिहिलं होतं, गाठ परत आली आहे. नायदेनचा आवाज त्या ओळीपाशी आला, थबकला आणि दोन ओळी सोडून खाली उतरला. "बाल्कनीत टोमॅटो लावलेत म्हणते."

"एवढंच?" रायना म्हणाली. "आपली स्तेफका आणि एवढंच? पत्र कसं उसवल्यासारखं वाटतंय."

"समुद्राची हवा गं. माणूस आळसावतो."

त्याच सुमारास माझी ऑपरेटिंग सिस्टिमही थकली. कंपनीने कळवून टाकलं, हिला आता नवं काही मिळणार नाही. शेजारचा पानायोत आला. हा जुना बस ड्रायव्हर, पण या बाबतीत पक्का नादिष्ट.

"लिनक्स घाला," तो म्हणाला. "फुकट आहे आणि म्हाताऱ्या यंत्रांना सांभाळून घेतं. फक्त आवृत्त्या शेकड्याने आहेत, त्यातली एक निवडायची."

रायनाने एकच विचारलं, "पडद्यावरचं मला वाचून दाखवेल का? आपल्या भाषेत? जुनीला ते कधी जमलं नाही."

"काही दाखवतात, रायनाताई. एकेक लावून बघू."

त्याने मूठभर पेनड्राइव्ह आणून दिले, प्रत्येकावर आकडा लिहिलेला. पेनड्राइव्हवरूनच चालवून बघता येतं, माझ्या पोटातलं काही पुसलं जात नाही. पहिली आवृत्ती दिसायला देखणी होती, पण तिच्या भाराने माझा पंखा किंचाळायला लागला. दुसरी हलकी, पण मुकी.

तिसरी नायदेनने लावली तेव्हा रायना बाजारात गेली होती. पानायोतने सांगितलेल्या कळा त्याने दाबल्या आणि मी बोललो! चक्क बल्गेरियनमध्ये. उच्चार असे की जणू परवाच या देशात उतरलोय, पण शब्द न् शब्द कळत होता. नायदेन लहान मुलासारखा हसला. तपासायला म्हणून त्याने स्तेफकाचं ताजं पत्र उघडलं.

मी वाचायला लागलो. "रायना, मी दोनदा विचारलं, तू उत्तर देत नाहीस..."

त्याने खाडकन झाकण मिटलं. बराच वेळ त्याचा हात माझ्या पाठीवर होता.

रायना भाजीची पिशवी घेऊन आली. "काय रे, बोलली का ही तरी?"

"नाही. हिचाही आवाज फुटत नाही."

मला ओरडावंसं वाटलं. पण माझ्यासारख्याला कोणी कळ दाबल्याशिवाय तोंड उघडता येत नाही.

मग चौथी झाली, पाचवी झाली. एकीचे फॉन्ट वाईट, दुसरीला प्रिंटर सापडत नाही. उन्हाळा असाच गेला. नायदेन दुष्ट नव्हता हो. पत्र आलं की तो आधी एकटा वाचायचा, मग अंगणात जाऊन तोंड धुऊन यायचा.

सप्टेंबरात अंगणात मिरच्या भाजणं चालू होतं. नायदेन भट्टीपाशी, रायना बोटांनी चाचपत सालं काढतेय. पानायोत कुंपणावरून वाकला. "काय मंडळी, तिसरी कशी चाललीये?"

"ती तर मुकी निघाली," रायना म्हणाली.

"मुकी? अहो, मी स्वतः ऐकून दिली होती! रेडिओच्या बातम्यांसारखी बडबडते ती."

रायनाची बोटं थांबली. नायदेन भट्टीकडेच बघत राहिला. मिरच्या करपल्याचा वास सुटला.

"पानायोत, आत ये," ती म्हणाली. "ती तिसरी घाल. आत्ता. कायमची."

तासाभरात काम झालं. पत्र कसं उघडायचं, पुढच्या ओळीवर कसं जायचं, ते त्याने तिची बोटं धरून शिकवलं आणि निमूट घरी गेला. मग रायनाने स्वतः स्तेफकाचं शेवटचं पत्र उघडलं. नायदेन दारात उभा होता.

मी वाचलं. एकही ओळ गाळली नाही, मला गाळता येत नाही. "गाठ वाढली आहे. पुढच्या महिन्यात दवाखान्यात राहावं लागेल. हे मी चौथ्यांदा लिहितेय. तू टोमॅटोंबद्दल विचारतेस. यायचं नसेल तर तसं सांग, मी रागावणार नाही."

रायनाने दाराकडे मान वळवली.

"किती पत्रं?" रायनाने विचारलं.

"सात."

"सात पत्रं तिला वाटत राहिलं, मी टाळतेय."

"मला वाचवत नव्हतं गं," नायदेन म्हणाला. "तुझे डोळे चालले होते. वरून हे कुठल्या तोंडाने..."

"वाचवत नव्हतं, तर मला वाचू द्यायचं होतंस! डोळे गेलेत माझे. बहीण नाही गेली अजून."

ती त्याच्याशी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी म्हणाली, "बॅग भर. यालाही घे." 'यालाही' म्हणजे मला. बसमध्ये नायदेनने मला मांडीवर धरलं होतं, अंडी न्यावीत तसं.

वार्नाला स्तेफकाने दार उघडलं. खूप वाळली होती. मिठी मारली नाही. टेबलावर मला ठेवल्यावर ती बसली आणि टाइप करू लागली. मी माझ्या सपाट, परक्या आवाजात बोललो, "सहा महिने लागले तुला."

नायदेन पुढे झाला. "तिचा दोष नाही, स्तेफका. पत्रं मी वाचायचो. मीच गाळलं."

स्तेफकाने त्याच्याकडे पाहिलं. मग तिने भराभर असं काही टाइप केलं की ते मी इथे पुन्हा सांगणार नाही. पण तेव्हा मला ते मोठ्याने बोलावं लागलं, त्याच बातम्यांच्या सुरात. रायनाला आधी हुंदका आला आणि मग हसू फुटलं. स्तेफकाही हसली, आवाज न करता. रायनाने हात पुढे केला, चाचपत तिचा चेहरा शोधला आणि तिथेच ठेवला.

त्याला आता चार महिने झाले. रायना आणि मी इथे वार्नालाच राहिलोय. स्तेफकाचे उपचार चालू आहेत. डॉक्टर वसंतापर्यंत काही सांगणार नाहीत. नायदेन शनिवारी भाजलेल्या मिरच्यांच्या बरण्या घेऊन येतो, सोमवारी परत जातो. रायनाने त्याला माफ केलंय की नाही, मला माहीत नाही, पण त्याच्या बाजूच्या उशीचं कव्हर ती बदलून ठेवते. तो दर खेपेला विचारतो, "नवीन आवृत्ती आलीये, टाकून देऊ का?" दोघी एकदम त्याचा हात झटकतात.

तुम्हीही कधी कुणासाठी अशी आवृत्ती निवडाल. पंखा बघा, रंग बघा, खुशाल भांडा. पण एकदा ती त्याच माणसाच्या हातात द्या आणि तुम्ही जरा बाजूला व्हा.

आता मला कामाला लागू द्या. एकीला बोलता येत नाही, एकीला दिसत नाही आणि मध्ये मी. माझी बॅटरी जेमतेम तासभर टिकते, तेव्हा जाताना तेवढा वायरला पाय लावू नका. स्तेफकाचं वाक्य अजून पुरं व्हायचंय.