कुल्लूचं झाड

प्रतिभाताईंचा सगळा जन्म शाळेत चित्रकला शिकवण्यात गेला होता. त्यामुळे रेल्वेतून रिटायर झालेल्या नवऱ्यानं एक दिवस फ्रीगंजच्या बाजारातून जलरंगांची डबी आणली, तेव्हा त्यांना हसूच आलं. विष्णुपंतांना नाद होता तो चालण्याचा. थंडीतल्या रविवारी ते एका टोळक्याबरोबर देवास गेटहून गाडीनं निघायचे आणि देवासपलीकडच्या जंगलात दिवसभर भटकायचे. आता पाठीवरच्या पिशवीत कागद आणि ब्रशही जाऊ लागले. संध्याकाळी आले की बूट न काढताच टेबलावर झाडाचं चित्र पसरायचे आणि म्हणायचे, ‘‘बघ बरं.’’

ताई बघायच्या आणि चुका सांगायच्या. सावली उलटीकडे पडली आहे, फांदी खोडातून फुटलेली वाटत नाही, वरून चिकटवल्यासारखी दिसते. विष्णुपंत मान डोलवायचे. पुढच्या खेपेला सावली बरोबर पडलेली असायची.

एका रविवारी आणलेलं चित्र वेगळंच होतं. मोठ्या कागदावर एकच झाड, पानाचं नाव नाही, फांद्या वेड्यावाकड्या, आणि खोडाच्या जागी कोरा कागद. कडेनं नुसती फिकट गुलाबी झाक. ते टेबलावर ठेवून विष्णुपंत आंघोळीला गेले. झाड अर्धवट राहिलंय असं ताईंना वाटलं. त्यांनी आपला ब्रश काढला, खोडात तपकिरी रंग भरला, फांद्या जरा सावरल्या, शेंड्याला पालवी दिली. हात मुरलेला होता. चित्र झकास दिसू लागलं.

विष्णुपंत डोकं पुसत आले आणि दारातच थबकले. बराच वेळ बघून म्हणाले, ‘‘छान झालं.’’

ताईंनी ते फ्रेम करून बैठकीत लावलं. आल्यागेल्याला कौतुकानं सांगायच्या, ह्यांनी काढलंय, मी नुसता हात फिरवला. विष्णुपंत जंगलात जात राहिले, पण कागद नेईनासे झाले. विचारलं तर म्हणायचे, बसून राहिलं की चालणं होत नाही. ताईंनाही ते पटलं.

पुढच्या हिवाळ्यात विष्णुपंतांचा पाय मुरगळला. गाडीतली जागा रिकामी जायला नको म्हणून त्यांनीच ताईंना आग्रहानं पाठवलं. एक चढ संपवून सगळे दम खायला थांबले, तेव्हा टोळक्याचा म्होरक्या सुमीत हात दाखवून म्हणाला, ‘‘आंटी, ये रहा अंकल का पेड़. कुल्लू. पूरी सुबह इसके सामने बैठे रहे थे.’’

कुल्लू म्हणजे मराठीतला कांडोळ. झाडावर एकही पान नव्हतं. खोड पांढरंफटक, पापुद्रे सुटलेलं, कडांना गुलाबी. फांद्या वाकड्याच. ताई तिथंच एका दगडावर टेकल्या. चित्रात अर्धवट काहीच नव्हतं. जलरंगात पांढरं लावायचं नसतं, कागदच राखायचा असतो, हे त्या घसा फोडून मुलांना शिकवत आल्या होत्या. नवऱ्यानं ते आपलं आपण साधलं होतं आणि त्यांनी त्यावर रंग फासला होता. तो आता निघण्यातला नव्हता.

घरी आल्या आल्या त्या म्हणाल्या, ‘‘अहो, तुमचं झाड बघितलं मी. तुमचं बिलकुल बरोबर होतं. तेव्हाच का नाही बोललात?’’

‘‘तू इतक्या मनापासून रंगवलं होतंस,’’ विष्णुपंत म्हणाले, ‘‘काय बोलणार?’’ त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, असं ताईंना वाटलं.

त्यांनी फ्रेम उतरवली. नवे कागद आणून ठेवले, ते तसेच पडून राहिले. पाय बरा झाल्यावर दोघंही रविवारी जाऊ लागली. ताई एखाद्या सागापुढे कागद मांडून बसायच्या. एकदा विष्णुपंत मागे येऊन उभे राहिले आणि बघत राहिले. ताईंनी वळून ब्रश त्यांच्यापुढे धरला.

‘‘तुझं चालू दे,’’ ते म्हणाले, ‘‘मी जरा ओढ्यापर्यंत जाऊन येतो.’’

वाळक्या पानांवरून त्यांची पावलं दूर जाईपर्यंत ब्रश तसाच हातात होता.