खुर्चीतून उठणं

पडल्यापासून त्रिंबकचं जग एका खुर्चीएवढं झालं होतं. खुब्याचं हाड डॉक्टरांनी सळई घालून सांधलं, पण पायांतलं बळ काही परतलं नाही. जन्मभर मेंढरांमागं चाललेले पाय तुराटीसारखे वाळले. थोरल्या लेकानं, रामहरीनं, त्याला चिकलठाण्याच्या आपल्या दोन खोल्यांत आणून ठेवलं. धाकटा हनुमान करमाडकडं कळपापाशी राहिला.

रामहरी कंपनीत कामाला. त्यानं बापाला शब्द दिला होता, "आबा, हात न टेकता खुर्चीतून उठा. ज्या दिवशी उठाल, त्या दिवशी गाडी करून मेंढरांपाशी नेतो."

त्या एका शब्दावर त्रिंबक तग धरून होता. रोज सकाळी सून रत्नमाला मोबाईल पिठाच्या डब्याला टेकवायची आणि त्यात सुकेशनी दिसायची. दवाखान्यातली व्यायाम शिकवणारी पोरगी. ती तिकडं आपल्या खुर्चीवर करून दाखवायची, इकडं त्रिंबक करायचा.

"आजोबा, खुर्चीची पाठ धरा आणि एका पायावर उभं राहा."

"हे तू मला शिकवतीस व्हय? काठीला रेलून एका पायावर आख्खी दुपार काढलीय मी."

"मग त्यातली थोडी दुपार आज दाखवा की!"

त्याची बायको कस्तुराबाई उंबऱ्यात डाळ निवडत असायची. "दाखवा, दाखवा. गुडघा कसा लटलटतोय ते बाईला बी दिसू द्या."

त्या साली पावसानं पाठ फिरवली होती. करमाडकडची गायरानं तारेच्या कुंपणात गेली, कुठं कंपन्या, कुठं प्लॉट. उरलेल्या माळावर गवताची काडी नव्हती. व्यायाम आटोपला की त्रिंबक विचारायचा, "हनुमान काय चारत असंल गं?"

"उसाचं वाढं मिळतंय म्हणं," कस्तुराबाई डाळीतून मान वर न काढता सांगायची.

हळूहळू मांड्यांत जीव आला. खुर्चीवरून बूड उचलायला लागलं. एका सकाळी सुकेशनी म्हणाली, "आता पायाला थोडं वजन बांधू. बाटलीत पाणी भरलं तरी चालेल."

"मॅडम, नळाला आठ दिसांनी पाणी येतंय," रत्नमाला म्हणाली. "दुसरं काहीतरी बघते."

कस्तुराबाई तेव्हा हंडा घेऊन टँकरवर गेली होती. रत्नमालानं माळ्यावरून एक गाठोडं काढलं. हनुमाननं मागं आणून ठेवलेलं. आत काय आहे ते तिनं बघितलं नाही, हातानं तोलून पाहिलं आणि फडक्यानं सासऱ्याच्या पायाला बांधलं.

"गुडघा सरळ करा. वर घ्या," मोबाईलमधून सुकेशनीनं सांगितलं.

त्रिंबकनं पाय उचलला आणि गाठोड्यात घंटा वाजली. फडक्यातून दबकी आली, तरी त्यानं ओळखली. म्होरक्या एडक्याच्या गळ्यातली पितळी घंटा. एडका कळपात असेपर्यंत ती कधी काढायची नाही, अशी त्यांच्या घरची रीत होती. कळप विकला, तर मेंढरं जायची आणि घंटा तेवढी घरी यायची.

"छान! अजून एकदा," सुकेशनी म्हणाली.

त्यानं पुन्हा पाय उचलला. घंटा पुन्हा वाजली. डोक्यावर हंडा घेतलेली कस्तुराबाई दारातच थांबली.

"कधी गेली?" त्यानं विचारलं.

"होळीच्या आधी."

"समदी?"

"समदी. चारा नव्हता, पाणी नव्हतं. हनुमान प्लॉटिंगवर वाचमन लागलाय."

"अन् तू मला रोज उसाचं वाढं चारत बसलीस."

कस्तुराबाईच्या डोक्यावरचा हंडा हिंदकळला. रत्नमाला कोनाड्याला टेकली. तिला वाटलं होतं, गाठोड्यात जुनी भांडी असतील.

"आजोबा, दुखतंय का? थांबायचं?" मोबाईलमधून आवाज आला.

"नाय, बाई. दुसरा पाय राहिलाय."

रत्नमालानं गाठोडं दुसऱ्या पायाला बांधलं. सुकेशनी म्हणेल तितक्या वेळा त्यानं तो पाय उचलला, आणि तितक्या वेळा घंटा वाजली.

संध्याकाळी रामहरी आला. बायकोनं त्याला बाहेरच गाठून सांगितलं. तो आत येऊन बापासमोर उभा राहिला, पायातले बूट तसेच.

"आबा, डॉक्टर म्हणाले होते, मनानं घेतलं नाही तर हे कायमचे बसतील. म्हणून खोटं बोललो."

शिकवल्याप्रमाणं त्रिंबकनं दोन्ही हात छातीवर बांधले, पुढं झुकला आणि उठला. रामहरी धरायला धावला.

"धरू नगं."

तो सरळ उभा राहिला. खुबा मोडल्यापासून पहिल्यांदाच लेकाच्या डोळ्याला त्याचा डोळा भिडला.

"उठलो बघ. चल आता."

"कुठं, आबा?"

त्रिंबकची नजर दाराकडं गेली. मांड्या थरथरायला लागल्या. कस्तुराबाईनं खुर्ची मागून पुढं सरकवली, त्याच्या पोटऱ्यांना टेकवली. तरी तो बसेना. एकदा बसलं, की परत कशासाठी उठायचं, हे त्याला ठाऊक नव्हतं.