सुतकातली हिरवी चटणी

सुतकात आमच्याकडे फोडणी घालत नाहीत, कढई चढवत नाहीत. आई गेल्यापासून शेजारच्या सोजरकाकू भाकरी, भात आणि बिनफोडणीची आमटी आणून देत होत्या. तरी त्या दुपारी वैजयंती वहिनीने माझ्या ताटात भाकरीशेजारी चमचाभर हिरवी चटणी वाढली आणि पहिल्याच घासाला मला तळलेला लसूण लागला.

चव आईच्या चटणीची होती. कोथिंबीर, पुदिना, हिरवी मिरची, दाण्याचा कूट आणि तेलात लाल केलेला लसूण.

वहिनीच्या ताटात चटणी नव्हती. दादाच्याही नव्हती.

सोजरकाकू माझ्या ताटावर वाकल्या. "व्हय गं, फोडणीचा वास येतोय की! अजून दहावा व्हायचाय. तुझ्या वहिनीला लई घाई झाली म्हणायची."

वहिनी पाण्याचा तांब्या आणायला उठली.

माझा सुतकावर विश्वास नाही. आईचा होता, म्हणून राग आला.

संध्याकाळी वहिनी आईच्या खोलीतल्या दिव्यात तेल घालायला गेली, तेव्हा मी स्वयंपाकघरात शिरले. कढई फळीवर पालथी होती, तिच्यावर धूळ. मिक्सरचं भांडं कोरडं. केरात कोथिंबिरीचं देठसुद्धा नाही. मग फ्रीजर उघडला. बर्फाच्या ट्रेमागे, रुमालात गुंडाळलेला आईचा स्टीलचा डबा निघाला. आत अर्धा डबा चटणी.

म्हणजे घाई नव्हती, चोरी होती.

"वन्सं," मागून वहिनी म्हणाली.

"हा लपवून कुणासाठी ठेवलाय?"

"तुमच्यासाठीच. दवाखान्यात न्यायच्या आदल्या दिवशी केली आत्याबाईंनी, तुम्ही सुट्टीला येणार म्हणून. मी नुसतं वाटून दिलं. लसूण त्यांनी खुर्चीवर बसून तळला. मला म्हणाल्या, तू कच्चाच काढतीस."

"मग काकूंना सांगायचं ना तसं."

"सांगितलं असतं तर त्यांनी मागितली असती. मग गल्लीनं मागितली असती. तुम्हाला पुरायला नको?"

मी डबा पुन्हा रुमालात गुंडाळून ट्रेमागे ठेवला.

दुसऱ्या दिवशी काकूंनी माझ्या ताटात डोकावून पाहिलं. "आज बी?"

"मी केली, काकू. मला राहवेना."

"शिकून वाया गेलीस बघ," त्यांनी कपाळावर हात मारला.

त्या आमटीचं भांडं घ्यायला वळल्या, तेवढ्यात मी अर्धी चटणी वहिनीच्या भाकरीवर सरकवली.