नारायणरावांच्या गाडीची सीट

चिखलीत केसरबाईंकडे लोक पोलकी, परकर, उशांचे अभ्रे शिवायला टाकत. पण ड्रायव्हरच्या पाठीला लावायचा लोड शिवून द्या, असं सांगत आजवर कोणी आलं नव्हतं. दयाराम आला तो दिवाळीनंतरच्या आठवड्यात, सकाळीच.

"मापाले तुम्हालेच यावं लागते बाई," तो म्हणाला. "मी बसून दाखवतो, तुम्ही पाठीमागची जागा मोजा."

दयाराम नारायणरावांचा ड्रायव्हर. नारायणरावांचा गावाबाहेर कापसातली सरकी काढायचा जिन होता, आणि त्यांनी मुंबईहून कुणा परदेशी साहेबाची जुनी अमेरिकन गाडी विकत आणली होती. बैलगाडीच्या दुप्पट लांब, हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्यासारखी हिरवी. केसरबाईंनी ती रस्त्यानं जाताना पाहिली होती, जवळून कधी नाही.

जिनच्या आवारात दयारामनं दार उघडलं आणि बसून दाखवलं. माणूस ठेंगणा. पाय ब्रेकपासून वीतभर अलीकडेच राहिले. पाठीमागं त्यानं दोन घड्या घातलेल्या चादरी आणि एक पोतं कोंबलं होतं.

"मालक सहा फुटी," तो सांगू लागला. "दसऱ्याले स्वतः गाडी घेऊन लोणारले गेले. सीट पार मागं नेली, पार खाली बसवली. तवापासून ते हालूनच नाही राह्यली."

"नेली म्हंजे? उचलून?"

"नाही बाई. बटन दाबलं का सीट चालते. पुढं, मागं, वर, खाली. वर बसलेल्या माणसासगट."

केसरबाईंना वाटलं, हा आपली थट्टा करतोय. तीन माणसं बसतील एवढी ती सीट, गादीसारखी जाड. गावात वीज येऊन फार वर्षं झाली नव्हती. तिनं दिवे लावले होते, इथं जिनची यंत्रं फिरवली होती. पण माणसाचं बूड चार बोटं पुढं सरकवायलाही कोणी वीज लावली असेल, हे त्यांच्या मनातही आलं नसतं.

"दाबा ना, पाहू."

दयारामनं दाराजवळचं बटन दाबलं. सीट हलली नाही. पण तिच्या पोटातून एक बारीक, गोड घुरघुर ऐकू आली. केसरबाईंचं माप घेणं राहिलं. त्यांनी टेप गळ्यात टाकला, खाली वाकून सीटला कान लावला.

"आणखी एक डाव."

पुन्हा घुरघुर. एकसारखी, न अडखळणारी.

"मिस्त्रीले नाही दाखवलं?"

"बुलढाण्याहून आला होता. फ्यूज बदलला, ब्याटरी भरून आणली. मंग म्हणे मोटार जळाली, सामान अमेरिकेहून आणा."

"जळालेली मोटार बोलते काऊन?" केसरबाई म्हणाल्या. "दयारामभाऊ, मी बॉबिनवर दोरा भरतो तवा मशीनच्या चाकाचा मधला स्क्रू ढिला करतो. मंग चाक फिरते, पण सुई जागची हालत नाही. आतमधी तसंच झालं. फिरणारं फिरून राह्यलं, त्याचा हात सुटला."

एवढ्यात नारायणराव बाहेर आले. दयारामनं बाईंचं म्हणणं सांगितलं. त्यांनी स्वतः बटन दाबून ऐकलं, बराच वेळ ऐकलं, आणि मग म्हणाले, "खोल बे. पाहू तर."

चार बोल्ट निघाले. दोघा हमालांनी सीट मागं कलती करून धरली. केसरबाई गुडघ्यावर बसल्या आणि आत पाहतच राहिल्या.

मुठीएवढी मोटार. तिच्याशेजारी एक छोटा डबा, आणि त्या डब्यातून दोन्हीकडं निघालेल्या करंगळीएवढ्या जाडीच्या लवचिक तारा. दोन्ही बाजूंना दातेरी पट्ट्या, इतक्या सारख्या दातांच्या की जणू कुणी धान्याचे दाणे निवडून ओळीत लावावे. सगळ्यावर तेलाचं पातळ बोट फिरवलेलं. जिथं कुणाची नजर जाणार नाही तिथं एवढी निगुती. चांगल्या शिंप्याची शिलाई उलट्या बाजूनं पाहावी, तसं त्यांना वाटलं.

"हे पाहा," त्या हळूच म्हणाल्या.

मोटारीचा दांडा आणि डब्याचा दांडा एकमेकांना भिडत नव्हते. दोघांच्या मध्ये रबराचा एक तुकडा होता, बोटाच्या पेराएवढा. त्याच्या मधल्या भागाचा पार भुगा झाला होता, दोन टोकं तेवढी उरली होती. दांडा त्या भुग्यात नुसताच फिरत होता.

मोटार दोन स्क्रूंवर होती, ती दयारामनं सोडवली. केसरबाईंनी उरलेला रबर तळहातावर घेऊन त्याचं माप घेतलं, दोन्ही टोकांच्या खाचा बोटानं चाचपल्या. जिनच्या यंत्राच्या जुन्या पट्ट्याचा तुकडा मागवला. कापड आणि रबर मिळून झालेला तो पट्टा त्यांनी पाच पदरी केला, आणि मेण लावलेल्या दोऱ्यानं, दाभणानं शिवत गेल्या. टाका इतका घट्ट की शेवटी दाभण ओढायला दयारामला पक्कड लावावी लागली. मग त्याच्या धारदार चाकूनं खाचा कोरल्या. एकदा बसवला तर सैल झाला. पुन्हा काढून एक पदर वाढवला. दुपार झाली.

सीट जागेवर आली, बोल्ट आवळले. दयारामनं बटन दाबलं आणि रिकामी सीट मुंगीच्या चालीनं पुढं सरकली.

"वजनासगट पाहा लागते," तो म्हणाला. "बाई, तुम्ही बसा."

केसरबाई थांबल्या. नारायणरावांच्या घरचे कपडे त्यांनी आठ वर्षं शिवले होते, पायरीवर घेतले होते आणि पायरीवरच दिले होते. नारायणरावांनी क्षणभर खाली पाहिलं, मग स्वतः दार धरलं.

"बसा केसरबाई. तुम्हीच बसा."

त्या बसल्या. दयारामनं पलीकडून हात घालून बटन दाबलं. आधी पाठीला हलकीशी हालचाल जाणवली, मग आपण चालत नसताना पुढं जात आहोत हे कळलं. दुसरं बटन दाबलं गेलं आणि त्या वर उचलल्या जाऊ लागल्या. धक्का नाही, खडखड नाही. लेकराला झोपमोड न करता उचलतात तसं. समोरच्या काचेच्या खालच्या कडेतून आधी हिरवा पत्रा दिसला, मग आवार, मग उन्हातले कापसाचे पांढरे ढीग, आणि त्यांच्यापलीकडं धाड गावाकडं जाणारा रस्ता. त्यांनी दोन्ही हात मांडीवर जोडून ठेवले होते, जणू हलल्या तर ते थांबेल.

"लागते का कुठं?" दयारामनं विचारलं.

त्यांनी नकारार्थी मान हलवली.

तो तुकडा पुढचा हंगाम येईपर्यंत टिकला. मग दयाराम पुन्हा आला आणि त्यांनी दुसरा शिवून दिला, तसाच सहा पदरी. लोड मात्र कधीच शिवावा लागला नाही.

पण त्या पहिल्या संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी चूलसुद्धा उशिरा पेटवली. नवरा गुलाबराव नगरपालिकेत शिपाई. त्यांना त्या सगळं सांगत राहिल्या: दातेरी पट्ट्या, तारा, ते वर जाणं.

"येवढं कोणासाठी केलं असंन?" गुलाबरावांनी विचारलं.

"मीही तोच विचार करून राह्यली," केसरबाई म्हणाल्या. "ज्यानं केलं ना, तो माणूस ठेंगणाच असंन. नाहीतर त्याले हे कसं सुचलं असतं?"